आग्रा रोडवरून गेलेली शर्यत

यंदा दसऱ्याचे सोने द्यावयास माझा भाचा जळगावाहून धुळ्यास आला तो नव्या मोटारीतून. मोटार कसली, जमिनीला पोट टेकवून बसलेली तांबडी मांजर म्हणा! दोन दारे, दोन माणसांपुरती जागा, आणि सुरू केली की सारी गल्ली खिडकीत यावी असा आवाज. आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो गतिरोधक आहे तो ओलांडताना तिचे पोट असे खरवडले की माझ्या बहिणीने डोळेच मिटून घेतले. केळीचे चार हंगाम चांगले गेले, त्याचे हे फळ. बापाने नाही म्हटले नाही, आईला कोणी विचारले नाही.

आपट्याची पाने देऊन झाली, चहा झाला, आणि मग चिरंजीवांनी खरी गोष्ट काढली.

"मामा, डिसेंबरात गाडी कोइमतूरला नेणार आहे. तिथे शर्यतीचा ट्रॅक आहे. पैसे भरायचे आणि दिवसभर आपलीच गाडी त्यावर पळवायची. शर्यत नाही, नंबर नाही, बक्षीस नाही. ट्रॅक डे म्हणतात त्याला."

"आणि गाडी तिकडे न्यायची कशी?"

"कशी म्हणजे? चालवत. आणि चालवतच परत."

बहीण मजकडे पाहून म्हणाली, "दादा, तूच सांग याला काही. रस्त्यावरची गाडी ती. शर्यतीला टिकायची नाही."

"आई, ही स्पोर्ट्स कार आहे. कारखान्यानेच पळण्यासाठी बनवली आहे."

झाले! दोघांनी मला पंच नेमले. आता मी राहतो ते धुळे म्हणजे इतिहासाचार्य राजवाड्यांचे गाव. १९२६ च्या अखेरच्या दिवशी त्यांनी येथेच देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. पुराव्यावाचून बोलू नये हा या गावचा संस्कार. तेव्हा मी दोघांनाही म्हटले, की निकाल आज देत नाही. आधी कागद पाहतो. तो निकाल या लेखात देत आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे, की कारखान्यातून निघालेली गाडी मार सोसते काय, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. पहिल्या दिवसांत लोकांना मोटारीच्या वेगाचे कौतुक होते, परंतु भरवसा नव्हता. घोडा दमला तर चाबूक दाखविता येतो. मोटार थांबली तर तिला काय दाखवावे? म्हणून त्या काळी ज्या चढाओढी होत, त्यांत कित्येकांचे नावच 'भरवशाची परीक्षा' असे असे. १९०७ साली रोल्स-रॉइस कंपनीने आपली 'सिल्व्हर घोस्ट' गाडी लंडन आणि ग्लासगो यांच्या दरम्यान पुन्हा पुन्हा पळविली. सुमारे ६२९ मैलांवर ती थांबली. कारण काय, तर हादऱ्यांनी पेट्रोलची तोटी आपोआप मिटली! इंजिन ठणठणीत, आणि गाडी अडली एका तोटीपायी. ती उघडल्यावर मात्र पुढे १४,३७१ मैल ती आपण होऊन कोठे थांबली नाही. ही तोटी वाचकांनी लक्षात ठेवावी; पुढे तिचे काम आहे.

दुसऱ्याच वर्षी, १९०८ साली, ही परीक्षा आपल्या महाराष्ट्रात झाली. मुंबई ते कोल्हापूर आणि परत, असा सुमारे ६२० मैलांचा पल्ला आणि वाटेत सहा घाट. 'पर्ल ऑफ द ईस्ट' म्हणजे 'पूर्वेचा मोती' या नावाची एक रोल्स-रॉइस या परीक्षेत उतरली आणि बक्षीस घेऊन गेली. पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. आपल्या घाटांनी विलायती कारखान्याला दिलेले ते प्रशस्तिपत्रच म्हणावयाचे.

फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची जगप्रसिद्ध शर्यत १९२३ साली सुरू झाली तीदेखील याच हेतूने. रस्त्यावर चालणाऱ्या गाड्या दिवसरात्र पळवून पाहाव्यात, दिवे, ब्रेक, इंजिन कितपत टिकतात ते कळावे. पहिल्या वर्षी ३३ गाड्या निघाल्या आणि ३० शेवटपर्यंत टिकल्या. शंभर वर्षांपूर्वीच्या गाड्या, तेव्हाचे रस्ते आणि हा निकाल! येथवरचे कागद पाहता भाच्याचा पक्ष बळकट दिसतो.

पण मी जो पुरावा आता सांगणार आहे, तो मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे.

आमच्या धुळ्यात आग्रा रोड म्हणजे बाजाराचा रस्ता. कापड, भांडी, सराफी, सारे तेथेच. आज वाहतूक बाहेरच्या वळणरस्त्याने जाते. परंतु मुंबईहून आग्र्यास जाणारा तो जुना थोर मार्ग हाच. कसाऱ्याचा घाट चढून नाशिक, चांदवड, मालेगाव करीत तो लळिंग किल्ल्याच्या पायथ्याने धुळ्यात शिरतो, पांझरा ओलांडतो, सोनगीर, नरडाणा करीत सावळद्याजवळ तापी उतरतो आणि शिरपूर, पळासनेरवरून बिजासनच्या घाटाने माळव्यात जातो. सुरत-नागपूर रस्ता त्याला धुळ्यातच छेदतो. जळगाव त्या दुसऱ्या रस्त्यावर. त्यामुळे देशाच्या चारी दिशांचे ट्रक आमच्या दारावरून जात आणि त्यांची दुरुस्ती करणारी गॅरेजे रस्त्याच्या दोन्ही अंगांनी ओळीने असत. अशाच एका गॅरेजात एक वयस्क मिस्त्री होते. आम्ही पोरे त्यांना उस्ताद म्हणत असू. शाळा सुटली की मी त्यांच्याकडे पाने देण्याच्या मिषाने जाऊन बसे.

१९६८ सालची गोष्ट. लंडनच्या 'डेली एक्सप्रेस' आणि सिडनीच्या 'डेली टेलिग्राफ' या वर्तमानपत्रांनी मिळून लंडन ते सिडनी अशी मोटारींची प्रचंड शर्यत ठरविली. पल्ला सुमारे दहा हजार मैलांचा, पहिले बक्षीस दहा हजार पौंड. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या निघाल्या. पॅरिस, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल असे करीत दिल्लीस यावयाचे, दिल्लीहून आग्रा आणि इंदूरवरून मुंबई गाठावयाची. मुंबईत 'चुसान' नावाची आगबोट उभी. गाड्या तिच्यावर चढवून ऑस्ट्रेलियास न्यावयाच्या आणि तेथे पर्थपासून सिडनीपर्यंत पुन्हा पळावयाचे. दिल्ली ते मुंबई या टप्प्यास वेळ दिलेला होता तेवीस तासांच्या आत. इंदूरहून मुंबईस जावयाचे म्हणजे आमच्या आग्रा रोडवाचून वाट नाही!

डिसेंबर लागता लागता त्या गाड्या धुळ्यावरून गेल्या. रस्त्याच्या दुतर्फा गर्दी. दिल्लीपासून मुंबईपर्यंत सगळीकडे हेच होते. परदेशी चालकांना आपल्या घाटांपेक्षा आपल्या गर्दीचे भय अधिक वाटले, असे पुढे लिहून आले. दूरवर धूळ उठे, कोणी तरी "आली, आली" ओरडे, आणि मातीने माखलेली, छतावर जादा चाके बांधलेली एखादी गाडी कर्णा वाजवीत निघून जाई. मग बराच वेळ काही नाही. लोक शेंगा खात उभे. मग दुसरी.

त्यांतली एक गाडी पेट्रोलसाठी थांबली. आतले दोघे खाली उतरले. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. कोणी तरी चहाचे पेले पुढे केले. त्यांनी पेल्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. एकाने झाकण उघडून तेलाची पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. दुसरा जमिनीवर आडवा होऊन चारी चाकांच्या आतल्या अंगाला काही चाचपीत होता. हे सारे उरकल्यावर मग चहा.

मी उस्तादांना विचारले, "कोण जिंकेल?"

ते म्हणाले, "पोरा, पळणारे खूप दिसले. आधी तेल बघणारे हे पहिले. असलाच कोणी जिंकेल."

आता कागद काय म्हणतो ते पाहा. मुंबईस पहिला पोहोचला इंग्लंडचा रॉजर क्लार्क. गाडी 'लोटस कॉर्टिना'. म्हणजे फोर्डची साधी कॉर्टिना, परंतु तिच्यावर लोटसचे चपळ इंजिन चढविलेले; कारखान्यानेच पळण्यासाठी बनविलेली. ऑस्ट्रेलियात क्लार्कची घोडदौड चालू असताना इंजिनाने दगा दिला. मागून येणाऱ्या आपल्याच गोटातील गाडीचा इंजिनाचा वरचा भाग, ज्याला आपण हेड म्हणतो, तो उतरवून त्याने आपल्या गाडीस बसविला. एक गाडी अशी बळी दिली. मग मागच्या आसातील गिअर गेले. तेव्हा रस्त्यात एका भल्या माणसाची कॉर्टिना दिसली; त्याची मनधरणी करून तिचा आस विकत घेतला आणि बसविला! एवढे करूनही क्लार्क दहावा आला.

त्यानंतर पुढे गेला बेल्जमचा ल्युसियाँ बियांकी, सित्रोएन गाडी घेऊन. सिडनी शंभर मैलांच्या आत आली, जिंकल्यातच जमा होती, आणि समोरून येणाऱ्या एका मिनी गाडीवर त्याची गाडी आदळली. गाडीचा चक्काचूर झाला, माणसे जखमी झाली. मागून पॅडी हॉपकर्क येत होता. त्याने शर्यत बाजूस ठेवली आणि आधी मदतीस धावला. तो दुसरा आला. आणि पहिला?

पहिला आला अँड्र्यू कॉवन, स्कॉटलंडचा एक शेतकरी. गाडी 'हिलमन हंटर'. शाळामास्तरांनी, कारकुनांनी बायकामुलांना घेऊन फिरावयास जावे अशी चार दारांची १७२५ सी.सी.ची गृहस्थी गाडी! पुढे इराणने तीच 'पैकान' या नावाने घराघरांत नेली, यावरूनच तिचा स्वभाव ध्यानी यावा. ९८ पैकी ५६ गाड्या सिडनीस पोहोचल्या आणि त्यांत सर्वांत पुढे ही.

उस्तादांचे भाकीत खरे ठरले. मीदेखील पुष्कळ वर्षे हीच गोष्ट साऱ्यांना सांगत आलो, की पाहा, नखरेल गाड्या मोडल्या आणि साधी गाडी जिंकली. पण भाच्याच्या प्रश्नामुळे कागद पुन्हा नीट पाहिले, आणि माझ्या गोष्टीला दोन ठिकाणी ठिगळ लावणे भाग पडले.

पहिले असे, की चौथ्या क्रमांकावर आलेली गाडी ही अस्सल स्पोर्ट्स कार होती. पोलंडच्या झासादाची पोर्शे ९११. तेव्हा स्पोर्ट्स कार टिकतच नाही, हे माझ्या बहिणीचे म्हणणे पुराव्यास उतरत नाही. दुसरे असे, की कॉवनची हंटरदेखील दुकानातून जशीच्या तशी उचललेली नव्हती. तिचे इंजिन शर्यतीसाठी सुधारून घेतलेले होते. दगडांपासून तेलाची टाकी वाचावी म्हणून खाली पत्रा होता. कोठे काय मोडेल याचा विचार आधी कोणी तरी बसून केलेला होता. आणि चालविणारा असा, की मुंबईत आपला पहिला नंबर नाही म्हणून त्याने गाडीस मारले नाही. तेव्हा कारखान्यानेच पळण्यासाठी बनविली आहे, एवढ्यावर निश्चिंत राहणे, हे भाच्याचे म्हणणेही उतरत नाही.

मग टिकते काय आणि मोडते काय? येथे थोडे यंत्राकडे वळले पाहिजे. गृहिणींनी पान उलटू नये, कारण हिशेब स्वयंपाकघरातलाच आहे.

दीड टनाची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ६० वर आणावयाची म्हटले, तर तिच्या वेगातली शक्ती जावी कोठे? ती ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. एका वेळच्या ब्रेकने जेवढी उष्णता निघते तेवढीत चार लिटर पाणी उकळीस येईल. रस्त्यावर असा ब्रेक दिवसातून एखादे वेळी लागतो. ट्रॅकवर तो प्रत्येक फेरीत अनेकदा लागतो आणि फेऱ्या तर चालूच. म्हणजे चुलीवर पातेल्यामागून पातेले चढतच आहे आणि चूल विझविण्यास उसंत नाही. ही धग ब्रेकच्या तेलास पोहोचते. त्या तेलाचा दुर्गुण असा, की ते हवेतील ओलावा ओढून घेते. आज सर्रास वापरले जाणारे 'डॉट ४' जातीचे नवे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. तेच ओलावा प्याल्यावर १५५ अंशांवरही उकळू शकते. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पायाखालचा ब्रेक कापसाच्या उशीसारखा दबतो. गाडी नवी, इंजिन निरोगी, आणि माणूस सरळ भिंतीकडे. १९०७ ची ती पेट्रोलची तोटी आठवली? मोठे यंत्र फार करून लहान वस्तूनेच दगा देते.

दुसरे इंजिनाचे तेल. वाटी हातात घेऊन गोल फिरलात तर ताक एका कडेला चढते. लांब वळणावर जोरात गाडी घातली की इंजिनाखालच्या टाकीतले तेलही तसेच कडेला जाते आणि पंप क्षणभर नुसती हवा ओढतो. त्या क्षणभरात आतली बेअरिंगे कोरडी पडून घासतात. म्हणून खऱ्या शर्यतीच्या गाड्यांत तेल निराळ्या टाकीत ठेवून तेथून पंपाने पुरवितात. झासादाच्या पोर्शेत ही सोय कारखान्यानेच केलेली होती. ती टिकली यात नवल नाही. तिची तयारी जन्मापासूनची होती.

तिसरी गोष्ट थंडाव्याची. ज्या इंजिनाला रस्त्यावर श्वास घेण्यास सवड मिळते, त्याला ट्रॅकवर ती मिळत नाही. भुसावळ-जळगावचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना उकाड्यात काम करणे म्हणजे काय हे सांगावयास नको.

आज कारखाने पूर्वीसारखे अंधारात काम करीत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पुष्कळ कंपन्या आपल्या वेगवान गाड्या जर्मनीतील न्यूरबुर्गरिंगच्या वीसहून अधिक किलोमीटरच्या अवघड ट्रॅकवर तावून सुलाखून घेतात. आणि आपल्या आग्रा रोडचे भाग्य असे, की त्याच वाटेने धुळ्याहून वर गेले तर इंदूरजवळ पिथमपूरला मोटारी तपासण्याचा ११.३ किलोमीटरचा प्रचंड लंबवर्तुळाकार ट्रॅक २०२१ साली सुरू झाला. जेथून १९६८ च्या त्या गाड्या धुळीत निघून गेल्या, त्याच अंगाला आज यंत्रांची परीक्षा शास्त्राने होते. परंतु तोच कारखाना, जो जाहिरातीत गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर दाखवितो, तो हमीपत्राच्या बारीक अक्षरांत शर्यतीतले नुकसान बहुधा वगळून ठेवतो. जाहिरात डोळ्यांनी पाहावी, हमीपत्र चष्मा लावून वाचावे.

तर आता निकाल. कारखान्यातून निघालेली चांगली स्पोर्ट्स कार ट्रॅकवरचा एक दिवस सोसते. पण ती सोसते ती तिच्या मालकाने आधी आणि मधून मधून तिच्याकडे पाहिले तर. कारखाना घोडा देतो, नाल मारून देत नाही. जाण्यापूर्वी ब्रेकचे तेल नवे, आणि उंच उकळबिंदूचे. ब्रेकचे पॅड जाड. इंजिनाचे तेल पुरेपूर. चाकांतली हवा गरम झाल्यावर पुन्हा मोजलेली. चारपाच फेऱ्या झाल्या की एक फेरी सावकाश, ब्रेक न लावता, म्हणजे चूल विझते. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही, की शर्यतवाल्यांची गाडी ट्रकवर चढून घरी जाते, मोडली तर मोडली. तुला त्याच गाडीत बसून हजाराहून अधिक किलोमीटर परत यावयाचे आहे. कॉवनलाही सिडनी गाठावयाची होती, म्हणून मुंबईत पहिले येण्याची त्याला घाई नव्हती. तुझी सिडनी म्हणजे जळगाव. तेथे तुझी आई वाट पाहत असते.

हे सारे मी भाच्यास फोनवर सांगितले. तो म्हणाला, "मामा, ब्रेकचे तेल नवेच आहे. गाडीच नवी आहे ना!"

भाऊबीजेला मी जळगावास जाणार आहे. ओवाळून घेईन, करंज्या खाईन, आणि मग त्याच्याकडून ब्रेकचे तेल बदलल्याची पावती मागेन. तोंडच्या बोलण्यावर मी विश्वास ठेवणार नाही. शेवटी मी राजवाड्यांच्या गावचा आहे.